दोन वर्षांची मुदत

माझे बाबा एका खाजगी शाळेत मास्तर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले, आणि पुढच्या निवडणुकीत डिलाईल रोडच्या लोकांनी त्यांना नगरसेवक केलं. शहराच्या बस-ट्रामचा कारभार बघणाऱ्या कमिटीवरही त्यांना जागा मिळाली. कमिटीवरची मुदत दोन वर्षांची. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आपला माणूस तिथे बसणार, म्हणून चाळीने त्यांना हार घातले.

मी तेव्हा परळच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होते. आमच्या भागातून बाया बाळंतपणाला चालत यायच्या. कळ आली की रस्त्याच्या कडेला बसायच्या, ओसरली की पुन्हा चालायच्या. आमच्याच चाळीतली एक हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच मोकळी झाली. मूल रडलंच नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"इथून हॉस्पिटलपर्यंत बस हवी," एवढंच म्हणाले.

मग प्रत्येक बैठकीत त्यांनी तोच विषय लावून धरला. कमिटीतले लोक आधी म्हणाले, कामगारांची वस्ती, तिकीट कोण काढणार? मग म्हणाले, रस्ता अरुंद आहे. वर्ष सरत आलं तेव्हा कुठे अधिकारी राजी झाले. पुढच्या बैठकीत मंजुरी मिळायची होती.

त्याआधीच्या रविवारी आमच्या बाजूचे एक पुढारी घरी आले.

"मास्तर, कमिटीवर जागा एक आणि माणसं फार. वर ठरलंय, दोन वर्षं दोघांत वाटायची. तुम्ही राजीनामा द्या."

"हे आधी कुणी बोललं नव्हतं, साहेब."

"सगळं आधी बोलतात का?"

"बाकीच्या कमिट्यांवर आपल्या बाजूची माणसं आहेत. त्यांनाही सांगितलंत?"

"ते वेगळं आहे."

आईने ठेवलेल्या चहाला साहेबांनी हात लावला नव्हता. आईचं तिकडेच लक्ष होतं.

"एक बैठक थांबा," बाबा म्हणाले. "बस मंजूर होऊ दे."

"नवा माणूस करील ते. राज्य मिळेपर्यंत आपल्यात फूट दिसायला नको. तुम्ही समजूतदार आहात."

ते गेल्यावर आई म्हणाली, "कायद्याने दोन वर्षं दिलीत. हे कोण कमी करणारे? देऊ नका."

बाबांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नव्या माणसाचं दादरच्या बाजूला, हिंदमाताला कापडाचं दुकान होतं. बस मंजूर झाली, ती त्या बाजूने. डिलाईल रोडचा विषय नंतर कुणी काढला नाही.

राज्य झालं तेव्हा सभेत बाबांना स्टेजवर मागच्या रांगेत बसवलं. ते पेढे घेऊन घरी आले.

"उरलेल्या वर्षाच्या बदल्यात हे दिले का तुम्हाला?" मी विचारलं.

"राज्य आपलं झालं, पोरी. माणसंही बदलतील."

पुढच्या निवडणुकीत त्यांना उभं केलं नाही. कारण काय, तर मास्तरांनी कमिटीवरची मुदतसुद्धा पुरी केली नाही. बाबांनी हे मला हसत हसत सांगितलं. मला तेव्हाही हसू आलं नाही, आजही येत नाही.