फळीखालचे स्पीकर

वालीव गावात एक रेडिओ मेकॅनिक होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ऐंशी सालच्या सुमारास माझ्या फियाटला टेप बसवायला मी त्याच्याकडे गेलो. गाडी लग्नात भाड्याने जायची, म्हणून मागच्या काचेपाशी मोठे, चकचकीत स्पीकर दिसावेत अशी माझी हौस.

तो बोटाच्या पेराने पत्रा वाजवत, कान लावत गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "मयतालाही जाते ना ही?"

"जाते. मयताच्या घरच्या म्हाताऱ्यांना चर्चपर्यंत नेतो."

"मग स्पीकर दिसायला नको. पाठी रडनारं मानूस बसतंय, त्याला बाजा कशाला दाखवायचा?"

मला पटलं नाही, पण तो स्पीकर दिसतील असे बसवायला तयारच नव्हता. त्याने दोन स्पीकर मागच्या सीटमागे, काचेपाशी असते त्या फळीखाली लपवले, ढोलाचा ठोका देणारा मोठा डिकीत ठेवला आणि फळीवर जुनंच कापड ताणून लावलं.

लग्नात पाहुणे विचारायचे, आवाज येतो कुठून? मला त्या मेकॅनिकचा रागच यायचा.

बाबा गेले तेव्हा गाडी भावाने चालवली. मी मागे आईशेजारी बसलो. तिने मान मागे टाकली, डोकं त्या कापडावर टेकवलं आणि चर्च येईपर्यंत ती रडत राहिली.

स्पीकर तिच्या केसांपासून वीतभर खाली होते.