वाढलेला दिवा

पंखा थांबायला आलाय. आधी त्याची घरघर गेली, मग वारा गेला, आता पाती एकेक वेगळी दिसायला लागलीत, आणि त्या पात्यांबरोबर म्हाताऱ्या मालनच्या पापण्याही जड होत चालल्यात. बाहेर सोलापूरचं मे महिन्याचं ऊन. दाराखालून त्याची एक पट्टी आत आलीय आणि फरशीवर पडून राहिलीय.

"आई, मेन काढलाय हं," तळघराच्या जिन्याशी उभा राहून शिरीष सांगतो. मेनचे फ्यूज त्याने पँटच्या खिशात टाकलेत. खिसा वरून थोपटून दाखवतो. "आता घरात कुठेच करंट नाही. तू पड निवांत. मी खालची जुनी वायर ओढून काढतो."

"वायरमनला बोलव की रे."

"बाबांनी कधी बोलावला होता?"

शिरीष पुण्याहून सुट्टी काढून आलाय ते तळघराची खोली करायला. जुने दिवे-पंखा उतरवले, गिलावा झाला, फरशी झाली. आता छताच्या कडेकडेने लपवलेले दिवे लावायचेत, दिसणार नाहीत पण उजेड देतील असे. बाकी सगळं त्याने माणसं लावून करून घेतलं, वायरिंग मात्र स्वतःच्या हाताने करणार. हात बापाचा आहे. दातही बापाचेच. वायरीचं टोक दाढेखाली धरून, मान एक झटका देऊन, तो वरचं प्लास्टिक सोलून काढतो. काल जेवताना कौतुकाने करून दाखवलं, बघ आई, पक्कड लागतच नाही.

तो कानात गाण्याची बोंडं अडकवतो, बॅटरी घेतो आणि खाली उतरतो.

मालन जाजमावर कूस बदलते. समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो आहे. दिगंबरराव. जाऊन बरीच वर्षं झाली. फोटोखाली झिरोचा तांबडा दिवा आहे, जिन्याच्या तोंडाशी त्यांनीच हयातीत बसवलेल्या प्लगवर लावलेला. सगळं घर बंद, पंखा बंद, फ्रीजची कुरकुर बंद, आणि तेवढा एक तांबडा ठिपका जागा आहे.

राहिला असेल, असं तिला वाटतं. त्याला वीज लागते तरी किती.

पंख्याचं पातं थांबतं. तिच्या पायाशी कोणीतरी बसतं.

"सरक," ते म्हणतात.

ती पाय ओढून घेते, पदर डोक्यावर घेते. होल्डर जळाल्यावर येतो तो वास, त्यात तपकिरीचा वास. सदऱ्याच्या खिशाला टेस्टर लावलेला.

"जेवलात?" ती विचारते.

"मेलेल्या माणसाला जेवलात विचारतेस. अक्कल काही वाढली नाही."

"सवय हो."

"बॅटरी धर."

बॅटरी तिच्या हातात आहेच. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी आहे आणि ते स्टुलावर, छताला हात लावून. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, काळ्या चिकटपट्टीचे तुकडे ओळीने लावलेत. त्यांची पद्धतच ती. पट्टी आधी कापून तिच्या हातावर डकवून ठेवायची आणि लागेल तसा एकेक तुकडा ओढून घ्यायचा. तुकड्याबरोबर लव निघते. ती हात मागे घेत नाही. हात मागे घेतला तर बॅटरी हलते.

"उजेड कुठे पाडतेयस? माझ्या नाकावर?"

"तुम्हीच तर मान मध्ये घातलीत."

ते एक तुकडा ओढतात आणि तिच्या तोंडावर डकवतात. पोरं जिन्यात बसून खदखदतात. छोटा शिरीष सगळ्यात जास्त. आईच्या तोंडाला पट्टी, आईच्या तोंडाला पट्टी! तीही डोळ्यांनी हसते. पोरांसमोर रडण्यापेक्षा ते बरं असतं.

बॅटरीचा उजेड पुढे पुढे जातो आणि तळघर मोठं होत जातं. वाटणीच्या आधीचं तळघर. मधली भिंत नाही, वरही नाही आणि इथेही नाही. फरशीवर पाणी मारलंय. दिगंबररावांची आणि धाकट्या बापूची, दोन्ही भावांची पोरं ओल्या पोत्यांवर आडवी झालीत, आणि तिची धाकटी जाऊ गोदा पाय पसरून शेंगा फोडत बसलीय. गोदाचे केस ओले आहेत. टरफलांचा ढीग तिच्या मांडीएवढा झालाय. मालनला वाटतं, इथेच बसावं. बॅटरी खाली ठेवावी, गोदाच्या सुपातले चार दाणे तोंडात टाकावेत आणि पोरं उठेपर्यंत कुणाची हाक येऊ नये.

"या की अक्का," गोदा म्हणते. तिचा एक डोळा सुजून मिटलाय. "मी चालू ठेवली नव्हती हो इस्त्री."

"कुणी म्हटलं?"

पण गोदाच्या जागी सासूबाई बसल्यात, देवापुढे, आणि मालनच्या अंगावर हळदीची साडी आहे. माजघरात चिमणी जळतेय. सगळं सासर गोल बसलंय, नवी सून बघायला.

"सूनबाई," सासूबाई म्हणतात, "निजायची वेळ झाली. दिवा वाढव."

मालन उठते आणि वात वर करते. ज्योत भसकन वर जाते, काच तडकते, काजळी थेट छताला. तिच्या माहेरी दिवा मालवत. या घरात मालव, विझव असं काही तोंडातून काढायचं नाही. बांगडी वाढते, कुंकू वाढतं, तसाच दिवाही वाढवायचा. पुढे वीज आली तरी बटण बंद करणं म्हणजे दिवा वाढवणंच. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. सगळे हसतात. खांबाला धरून हसणारे तिचे नवरदेव. हसता हसता त्यांचे केस पांढरे होतात, दात पडतात, आणि ते परत जाजमावर तिच्या पायाशी बसलेले असतात.

"वाढवलास हो, चांगला वाढवलास," डोळे पुसत ते म्हणतात. जन्मभर म्हणत आले. पाहुण्यांपुढे, जावयापुढे. आमच्या हिला दिवा वाढवायला सांगू नका, घर पेटवेल.

"झालं की आता," ती म्हणते. "किती दिवस त्याचंच हसायचं."

"बरं, नाही हसत. खाली बघ. आपला दिवा वाढतोय."

मालनला बरं वाटतं. फरशी काचेसारखी झालीय, खालचं दिसतंय. शिरीष स्टुलावर चढलाय, छताजवळून जुनी वायर ओढतोय, कानातल्या गाण्यावर मान डोलवतोय.

"तुमच्यासारखाच आहे," ती म्हणते. "स्वतःच्या हाताने सगळं करतो. छान उजेड करणार आहे म्हणे."

ते तिच्याकडे बघत राहतात. तोंडावर तेच हसू, चिमणीची काच तडकल्यावरचं.

"हाडं झिजली तुझी या घरात," ते म्हणतात, "पण आमच्या घरातला शब्द काही तुला कळला नाही."

आता तिला कळतं.

"पण त्याने मेन काढलाय!"

"माझा मेन काढलाय त्याने. माझा. माझ्या मेनवर तळघर होतं कधी?"

"म्हणजे?"

"वाटणीत तळघर मला आलं म्हणून बापू किती फुगला होता, आठवतं? गार जागा दादानेच लाटली म्हणून गावभर सांगत सुटला. म्हटलं, थांब, तुला गार करतो. मधली भिंत चढायच्या आधी त्याच्या बाजूने वायर घेतली. कोनाड्यामागून. वर गिलावा. तळघराचे दिवे, पंखा, उन्हाळाभर तू खाली झोपायचीस तो कूलर, सगळं बापूच्या मीटरवर." त्यांना पुन्हा हसू येतं. "आणि बापू बिल हातात धरून घरभर फिरायचा. ही वीज जाते कुठे, जाते कुठे. त्याला वाटायचं, बायको इस्त्री चालू ठेवते."

"तो तिला मारायचा."

"मी ऐकायचो की. भिंतीला कान लावून. चांगला जाड हात होता बापूचा."

भिंतीतून आवाज येतो, तेव्हा यायचा तसाच. मालन तेव्हा चुलीपुढे बसून असायची. गोदालाच वळण नाही, असं सगळे म्हणायचे.

"शिरीषला सांगा," ती म्हणते. "अहो, तुमचा मुलगा आहे तो. तुम्ही खाली जा, सांगा त्याला."

"मी कशाला? त्याला बापाचं सगळं जमतं म्हणे. दातांनी सोलतो ना? धरेल आता दाढेखाली."

फरशीखाली शिरीषने वायर कापलीय. टोक समोर धरून बघतोय. तांब्याचा एक तंतू चमकतो.

"शिरीष!" ती ओरडते.

"किती बडबडतेस," ते म्हणतात, आणि तिच्या हातावरचा शेवटचा तुकडा ओढून तिच्या तोंडावर दाबून बसवतात. दोन्ही अंगठ्यांनी. कडेकडेने. काम नेहमी नीटच करायचे. "उजेड इकडे पाड. बघू दे मला."

तिचे डोळे उघडतात. पंखा थांबलेला. तांबडा दिवा चालू.

ती उठते. गुडघे साथ देत नाहीत, भिंतीला धरून उठते. खालून शिरीषचं गुणगुणणं ऐकू येतं. हाक मारायला जाते तर ओठ ओठांना चिकटलेत. जोर करून ते उपटते, दुखतात, आणि आवाज येतो तो फाटका. "शिरीष! अरे हात काढ!" गुणगुणणं थांबत नाही. कानात बोंडं. जिना उतरायला तिला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक आहे.

भिंत मात्र हाताशी आहे. वाटणीत चढवलेली. पलीकडे गोदा राहते. बापू गेल्यापासून एकटी. वाटणीनंतर दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत, दिगंबररावांच्या दहाव्यालाही नाही. मालन पाण्याचा तांब्या उचलते आणि भिंतीवर आपटते. पाणी अंगावर सांडतं.

"गोदे! गोदे गं! दिवा वाढव!"

पलीकडे टीव्हीवर कोणीतरी रडत असतं. टीव्हीचा आवाज कमी होतो.

"मेनचा वाढव! सगळे दिवे वाढव, आधी वाढव, मग विचार!"

चपला फरफटल्याचा आवाज. थांबतो. पुन्हा फरफटतो. आणि फोटोखालचा तांबडा दिवा जातो.

"वाढवला," गोदा म्हणते. भिंतीला अगदी तोंड लावून बोलत असावी. "अक्का, इतक्या वर्षांनी हाक मारलीत, ती दिवा वाढव म्हणून? तुम्हाला कळायला लागला वाटतं शब्द."

खालून शिरीष थुंकतो. "आई गं! ही जुनी वायर काय कडू लागते!" असं मोठ्याने, स्वतःशीच म्हणतो आणि पुन्हा गुणगुणायला लागतो.

मालन भिंतीला पाठ टेकून खाली बसते.

"अक्का? माझ्या मेनचं आणि तुमच्या घराचं काय काम?"

मालन सांगते. कोनाडा, गिलावा, तळघर, कूलर. एवढंच. ओठ हुळहुळतात, त्यामुळे शब्द लहान लहान निघतात.

"इस्त्री नव्हती गं ती," मालन म्हणते.

"मला माहीत होतं इस्त्री नाही ते," गोदा म्हणते. "मी इस्त्री उशाशी घेऊन झोपायची. वायर गुंडाळून. तरी सकाळी मार मिळायचाच." मग थोड्या वेळाने, अगदी घरातल्या सुरात, "शिरीष खाली आहे ना? स्टूल सरकल्याचा आवाज येतोय. अजून वायर हातातच असेल."

"हो."

"मेन परत लावू?"

मालन भिंतीवर तळवा टेकते.

"गोदे."

"विचारतेय फक्त. बोटं बटणावरच आहेत माझी. थोरल्या भावजींनी कधी विचारलंसुद्धा नाही."

"नको लावू."

"कधी लावू मग?"

"तो वर आला की. मी सांगेन."

"तुम्ही सांगाल," गोदा म्हणते. "बरं. तोवर अशीच उभी राहते. पण माझेही गुडघे दुखतात अक्का, आणि माणूस उभ्याउभ्या काय काय आठवत बसतो. पोराला लवकर वर बोलवा."

मालन जिन्याच्या तोंडाशी जाते, बसते आणि एकेक पायरी बुडावर सरकत उतरायला लागते. तिसऱ्या पायरीवरून ती तांब्या खाली फेकते. तो गडगडत शिरीषच्या स्टुलाला लागतो. शिरीष दचकून कानातलं बोंड काढतो. हातात वायर आहे, तिच्या टोकावर दातांची खूण.

"वर ये," ती म्हणते. "आत्ता. ते तिथेच टाक."

"झालंच होतं की आई. आणि हे तोंडाला काय लागलंय तुझ्या?"

ती उत्तर देत नाही. तो वर येईपर्यंत त्याचा दंड धरून ठेवते, आणि वर आल्यावर फोटोखालच्या प्लगला हात घालून त्या झिरोच्या दिव्याची वायर उपटून काढते. फोटोतले दिगंबरराव अंधारात तसेच हसत राहतात.

"अक्का," भिंतीतून गोदा विचारते, "आता लावू?"

मालन तोंडावरून पदर फिरवते. पांढऱ्या पदरावर काळ्या चिकाची बोटभर पट्टी उमटते, आणि तिच्यात तिच्या हातावरचे दोन केस.

"लाव," ती म्हणते. "आमच्याकडे वाढलाय."