यमुनाबाईचा पदर

आज नातीला बालवाडीत सोडलं. मदतनीस बाईच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास आला आणि माझ्या लहानपणच्या बालवाडीतली मदतनीस यमुनाबाई आठवली.

आई मला सोडून धानाच्या रोवण्याला गेली होती. ती परत येणारच नाही, या धास्तीनं मी सारखी दाराकडे पळायची. यमुनाबाईनं माझ्या फ्रॉकचं टोक आपल्या पदराला बांधलं. “सांग, आता तुले सोडून मी कुठी जाऊ?”

झाडताना, पाणी भरताना, लापशी ढवळताना तिनं मला तशीच बरोबर फिरवली. मी भीतीनं ती गाठ ओढत राहिले, ती आणखी आवळत गेली. संध्याकाळी चिखलानं माखलेल्या आईला ती गाठ दातांनी सोडावी लागली.

नात रडली नाही, आत गेली. मी अजून फाटकाबाहेरच आहे. माझ्या पदराला गाठ आहे; कधी मारली, कळलं नाही.