इनचार्ज सिस्टरांची काटकसर

१४ जुलै २०२५ रोजी आमच्या केडगावच्या ट्रस्ट रुग्णालयाने ४६,८०० रुपयांचं सॅनिटायझर घेतलं. भांडार माझ्याकडे, म्हणून वॉर्डांना वाटपही मीच केलं. स्त्री वॉर्डाच्या इनचार्ज सुरेखा सिस्टरांनी बाटल्या मोजून घेतल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

सुरेखाबाई भिंगारच्या. डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या आधीच्या इनचार्जबाईंच्या ग्रॅच्युइटीतून दोन हरवलेल्या ब्लँकेटांचे पैसे कापले गेले होते. तेव्हापासून बाईंना एकच घोर होता. जाताना वॉर्डातलं काही कमी भरू नये, ग्रॅच्युइटी अखंड हाती यावी. वापरलेली वस्तू कमी भरते, हे त्यांचं शास्त्र. व्यवस्थापनालाही ते पटत असे. पंधरा ऑगस्टला काटकसरीबद्दल बाईंना शाल-नारळ मिळाला.

डॉक्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे हात स्वच्छ न करता तसेच जात. ‘सर, हात’ म्हणणारी सिस्टर पुढच्या महिन्यात रात्रपाळीला दिसे. म्हणून कोणी म्हणत नसे.

ऑक्टोबरात रुग्णालयाची बाहेरच्या पथकाकडून तपासणी ठरली. पथक सॅनिटायझरचा खप बघणार होतं आणि या वॉर्डाचा खप शून्य. वरून हुकूम आला, वापर दिसला पाहिजे. बाईंनी सफाईच्या बनुबाई मावशींना सगळ्या बाटल्या बेसिनात ओतायला लावल्या.

"सिस्टर, ओतण्यापेक्षा हातांना लावू या की," नवी सिस्टर प्रणिता म्हणाली.

"हातांना लावलं की सवय लागते. मग रोज कुठून आणू?"

"बेसिन लई चकाचक झालं बगा बाई," मावशी म्हणाल्या. "डागदरालाबी एकदा ह्यात उभं करा."

रिकाम्या बाटल्या खाटांना अडकवल्या गेल्या. पथकातल्या मॅडम नेमक्या तिथेच थांबल्या. "हात स्वच्छ करून दाखवा."

बाईंनी बाटली दाबली. फुस्स. दुसरी दाबली. तीही तशीच. "भरलेली आणते," म्हणून प्रणिता धावली ती थेट समोरच्या मेडिकलमध्ये. बाटली आली आणि बाईंनी नखांपासून मनगटापर्यंत अगदी रीतसर हात चोळले.

"खपही उत्तम आहे," मॅडमनी शेरा मारला.

डिसेंबरात मी रिकाम्या बाटल्या मोजून जमा करून घेतल्या. एकही कमी नव्हती. बाईंना ना-देय दाखला मिळाला, ग्रॅच्युइटीही पूर्ण मिळाली. प्रणिताची खरेदी मात्र मागणीपत्राशिवाय झालेली, त्यामुळे बिल मंजूर होत नाही. तिने पदरचे घातलेले एकशे पासष्ट रुपये रुग्णालयाकडून देणे बाकी आहे.