मीना सिस्टरची सासू

खुर्चीवर चार-चार तास बसून राहिलं की माणसाजवळ दोनच गोष्टी जमतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीला मलम आहे. किश्श्यांना नाही. ते कोणाला तरी सांगावेच लागतात.

माझी बायको अनुसया. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सडक अर्जुनीहून बस धरून गोंदियाला डायलिसिसला जातो. मशीन तिचं रक्त धुते, मी बाजूला बसतो. खेप चुकली तर अंगात पाणी भरून जीव जाईल, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. तेव्हापासून मला एकच काम आहे, तिला वेळेवर बसमध्ये बसवणं.

पण त्या खोलीत नर्स एक बोलतात आणि पेशंट दुसरंच धरून बसतात. ऐकून ऐकून डोकं उठतं!

*

आमच्या शेजारच्या पलंगावर दरेकशाचे इसरामभाऊ असतात. जन्मभर जंगलात मजुरी केलेला माणूस. डायलिसिसवाल्यानं दिवसाला तीन-चार ग्लासांच्या वर पाणी प्यायचं नसतं. आल्याबरोबर काट्यावर उभं करतात. वजन जेवढं वाढलं, तेवढं पाणी पोटात गेलं.

मीना सिस्टर जुन्या. आवाज असा की बाहेरचा ऑटोवाला दचकेल. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती पाणी पिता?"

"दोन गिलास."

"मग हे साडेतीन किलो कुठून आले?"

"काटा बिघडला असंल."

"पेज पिता का?"

इसरामभाऊंना रागच आला. "पेज तं जेवण हाये, सिस्टर! तिले पाणी कोन म्हनते?"

सिस्टरनं अर्धा तास समजावलं. पेज, चहा, कढी, वरणाचं पाणी, सगळं पाण्यातच मोजायचं. जे जे पिलं ते पाणी! इसरामभाऊंनी मान हलवली.

पुढच्या खेपेला चार किलो.

"पेज पिली?" "नाही." "चहा?" "नाही." "कढी?" "शपथ, नाही."

"मग केलं काय तुम्ही?"

"टरबूज खाल्लं. पन चावून खाल्लं, सिस्टर. पिलो नाही!"

*

मग पूजा सिस्टर नवीन आल्या. पेशंटशी कसं बोलावं, याचं ट्रेनिंग नागपूरला घेऊन आल्या होत्या. पोरगी मनानं फार चांगली. त्यांच्याजवळ तोंडाची चित्रं काढलेला एक कागद होता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. शून्य ते दहा, किती दुखतं ते पेशंटनं सांगायचं.

समोरच्या पलंगावर गोंदियाचे एक शेठ असतात. धान्याचे व्यापारी.

"शेठजी, शून्य ते दहा, किती दुखतं?"

शेठनं कागद उलटापालटा करून पाहिला. "बाजूवाले ने कितना बोला?"

"त्यांनी सहा सांगितलं."

"सहा का भाव चल रहा है? तो मेरा साडेसात लिखो!"

*

ट्रेनिंगमध्ये आणखी एक शिकवलं होतं. पेशंट जे बोलेल तेच आपण हळू आवाजात परत बोलायचं. म्हणजे आपलं कोणी ऐकतं, असं त्याला वाटतं.

त्या दिवशी इसरामभाऊंना मशीन लावायची होती. ते म्हणाले, "मले घरी जायाचं हाये."

पूजा सिस्टर जवळ बसून मायेनं म्हणाल्या, "तुम्हाला घरी जायचं आहे."

"हो."

"तुम्हाला कंटाळा आला आहे."

"लय."

सिस्टर सुया आणायला गेल्या. परत येऊन पाहतात तर पलंग रिकामा! मीना सिस्टरनं सगळ्यांना कामाला लावलं. इसरामभाऊ स्टेशनवर सापडले, गाडीची वाट पाहत.

"कोणाला विचारून निघालात?" मीना सिस्टर ओरडल्या.

"नव्या सिस्टरले. मी सांगितलं, त्या म्हनल्या जायाचं हाये, कंटाळा आला हाये. आता अजून कोनाले विचारू?"

*

माझीही सुटका झाली नाही. पूजा सिस्टर मला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही नुसते बसून राहता. आजींशी बोला. त्यांचा हात हातात घ्या. त्यांना धीर येईल."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी चार लोकांत बायकोचा हात धरला नव्हता. पण सिस्टरनं सांगितलं म्हणून धरला.

अनुसयानं एकदा हाताकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मोठ्यानं ओरडली, "सिस्टर! माझे रिपोर्ट खराब आले का वो? हा बुढा काऊन असा करून राहिला?"

सगळी खोली हसली. ती हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "तुमी लपवून राहिले. मले समजलं. मराचंच हाये तं घरी मरतो. गोंदियाच्या चकरा कायले?"

किती समजावलं! जितकं समजावलं तितका तिचा संशय पक्का झाला. मंगळवार चुकला. शुक्रवारपर्यंत पाय सुजले, तोंड सुजलं, बोलताना धाप लागायला लागली.

मी म्हणालो, "बंद करायचं तर कर. पण दोन वर्षं मीना सिस्टरनं तुझं केलं. तिले तोंडानं सांगून तरी ये."

उपकार जाणणारी बाई आहे. उठली.

*

मीना सिस्टरसमोर उभी राहून अनुसया म्हणाली, "सिस्टर, आता मी येत नाही. तेवढं सांगाले आली."

मला वाटलं, आता आमची धडगत नाही. पण सिस्टर धपकन स्टुलावर बसल्या. "बरं करता, मावशी. मलाही नको झालं इथं येणं. पण घरी राहू कशी? घरी सासू आहे!"

अनुसया थांबली. "का करते सासू?"

"सकाळी दूध सांडलं ना, तर संध्याकाळपर्यंत तसंच ठेवते. मी ड्युटीवरून येऊन पुसावं म्हणून!"

"बाप्पा! अन् नवरा?"

"आईसमोर तोंड उघडत नाही."

"गळा मोकळा काऊन?"

"ड्युटीवर दागिने चालत नाहीत. मावशी, हात इकडं करा, बोलता बोलता होऊन जाईल."

अनुसयानं हात दिला. तिला स्वतःच्या सासूनं वीस वर्षं छळलं होतं. सासूला सरळ कसं करावं हे सांगण्यात ती इतकी रंगली की सुया कधी गेल्या ते तिला समजलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती माझ्याआधी बसस्टँडवर! "चला न वो लवकर, त्या पोरीच्या सासूनं का केलं ते आयकाचं हाये." मग दर खेपेला सासूचा नवा प्रताप. कधी साखरेचा डबा लपवला, कधी स्कूटीची किल्ली.

परवा मीना सिस्टर रजेवर होत्या. अनुसयाला मशीन लागलेली. मला म्हणाली, "विचारून या. सासूनं काही केलं असंल तिचं."

मी पूजा सिस्टरच्या टेबलाशी गेलो. "मीना सिस्टर बऱ्या आहेत ना? सासूनं काही..."

"कोणाची सासू, बाबा? मीना सिस्टरचं लग्नच झालं नाही. कुडव्याला त्या आणि त्यांची आई, दोघीच राहतात."

मी हळूहळू पलंगाजवळ परत आलो. अनुसया मान उचलून वाट पाहत होती.

"का म्हनते ते नवी पोरगी? सासूनं का केलं?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलो.

"फ्रिजले कुलूप लावलं म्हणते," मी म्हणालो.

"मुडदा बसवला तिचा!" अनुसया म्हणाली. "शुक्रवारी येऊ द्या सिस्टरले. मी सांगतो का कराचं ते!"