हिरव्या पेन्सिलीच्या बाई

“क्रियापद कुठाय?” बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या. ‘आलात का हो?’ असं त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

नव्वद सालाच्या सुमारास कोपरखैरण्यात दोन खोल्यांत त्यांचं भाषांच्या अभ्यासाचं काम चाले. मराठी, कानडी, इंग्रजी आणि खाडीकाठच्या गावांची बोली टेपवर घ्यायची, एकेक वाक्य कार्डावर उतरवायचं. मग कर्त्याखाली लाल रेघ, कर्माखाली निळी, क्रियापदाखाली हिरवी. कुठल्या भाषेत कोण आधी येतं, ते ताडून बघायचं.

“इंग्रजीत क्रियापद मधेच घुसतं,” बाई सांगत. “आपलं वाढप्यासारखं, शेवटी बसणारं.”

मी साताऱ्याचा, अक्षर मोत्यासारखं (असं मीच म्हणायचो), म्हणून कार्डं माझ्याकडे. जवळच्याच बोनकोडे गावातल्या एका आजींची टेप मी झपाट्यानं उतरवली. हिरवी रेघ प्रत्येक कार्डावर शेवटी, शिस्तीत! वाटलं, बाई पाठ थोपटतील.

त्यांनी दोन कार्डं पाहिली आणि टेप लावली.

“बुरला गो दादला माजा खारीन!” आजी टेपवर म्हणाल्या.

माझ्या कार्डावर होतं, ‘माझा नवरा खाडीत बुडाला.’

“काय हो शास्त्रीबुवा, हे कुणी सुधारलं?”

“मीच. जरा शुद्ध केलं.”

“त्यांच्या तोंडून आधी ‘बुडाला’च निघालं. नवरा मागून आला. तुम्ही त्यांच्या शब्दांना रांगेत उभं केलंत.”

शनिवारी वर, अनुदान देणाऱ्यांकडे अहवाल जायचा होता. तो वेळेवर गेला, तरच बाईंचं काम पुढे चालणार होतं. मी म्हटलं, “जाऊ दे की बाई. कुणाला कळणारे?”

“आजींना.”

“त्या कुठं वाचणारेत?”

“म्हणूनच.”

सगळ्या टेपा पुन्हा ऐकल्या. अहवाल तीन आठवडे उशिरा गेला. ‘तपासणीतली चूक माझी’ असं बाईंनी वर कळवलं; माझं नावही काढलं नाही. घरी हे सांगितलं तेव्हा आमची ही दोन दिवस माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होती.

मग पत्र आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, घडी घातली.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

“संपलं हो काम आपलं,” त्या म्हणाल्या.

कार्डांचे खोके मीच खाली नेऊन टेम्पोत चढवले. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन. तो मात्र त्यांनी मला उचलू दिला नाही.