अन्य वारस नाही

आजोबांच्या वारसदाखल्याची नक्कल काढायला मी आत्याला घेऊन जिल्हा कोर्टात गेलो होतो. दोन खेपा फुकट गेल्यावर कारकुनाने जुनी फाईल समोर ठेवली. वडिलांनी शपथेवर लिहून दिलं होतं : ‘मयतास मी एकटाच मुलगा. अन्य वारस नाही.’

त्यांची सख्खी बहीण माझ्या शेजारी उभी होती. जिवंत माणूस नाहीसा करायला एवढीच एक ओळ पुरते, आणि ती माझ्या वडिलांच्या वळणदार अक्षरात होती.

आत्याने चष्मा पुसून तारीख पुन्हा वाचली.

“दादा तेव्हा माझ्याकडेच उतरला होता,” ती म्हणाली. “कोर्टात काम आहे म्हणाला, म्हणून मी डबा करून दिला होता.”